सात बोटं कमी

पौर्णिमाने सही केली नाही, आणि सगळ्या भानगडीला तिथून सुरुवात झाली.

कागद साधा होता. वर ठळक अक्षरात ‘अभिप्राय’, खाली चार ओळी. श्री. शेषराव यांनी केवळ कंपास आणि पट्टी वापरून कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची रीत शोधली असून, ती मी स्वतः तपासली आहे व अचूक आहे. त्याखाली टिंबांची ओळ, आणि टिंबांखाली पौर्णिमाचं नाव, पुढे एम.एस्सी. गणित. शेषराव म्हणजे तिचे सासरे. त्यांची पुस्तिका छापखान्यात जायची थांबली होती ती या एका सहीसाठी.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घरात सून होऊन आल्याला तिला दोन वर्षं होत आली होती. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची, घरी आली की भाकऱ्या थापायची. नवरा अंकुर, त्याचं औषधाचं दुकान. सासू मनकर्णाबाई, तोंडाने फटकळ पण हाताने सढळ. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. अशा घरात सुनेने सासऱ्याच्या कागदावर सही नाकारायची म्हणजे गोड जेवणात खडा टाकायचा, हे तिला कळत होतं. कळूनही तिने पेन खाली ठेवलं.

आता हे सासरे कोण, ते सांगायला हवं. शेषराव सोळा वर्षांचे असताना शाळेत भूमितीच्या तासाला उभे राहिले आणि विचारलं, गुरुजी, कंपासनं कोनाचे दोन भाग होतात, चार होतात, आठ होतात, मग तीन काहून होत नाहीत? गुरुजी म्हणाले, होत नाहीत, बस खाली. पोरगा म्हणाला, पन काहून? तेव्हा गुरुजींनी हातातली लाकडी पट्टी त्याच्या बोटांवर ओढली. बहुधा गुरुजींनाही माहीत नसावं. ज्याला उत्तर माहीत असतं त्याला पट्टी लागत नाही, असं माझं तरी मत आहे. पोरगा खाली बसला. प्रश्न मात्र पंचावन्न वर्षं उभाच राहिला.

पुढे शेषरावांनी बोरगाव मंजूच्या पुढची पंधरा एकर काळी जमीन कसली, लग्न केलं, पोरगा वाढवला, आणि या सगळ्यात एक पितळी कंपास कधी खिशातून बाहेर ठेवला नाही. सुचेल ती रीत लिहून मोठमोठ्या प्राध्यापकांना पत्रं पाठवली. उत्तरं आली ती एका ओळीची: हे अशक्य असल्याचे सिद्ध झालेले आहे, आपला वेळ वाया घालवू नये. ती कार्डं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. भांडण संपेपर्यंत माणूस पुरावा जपतो तशी.

अंकुरसाठी मुलगी पाहायला ते अमरावतीला गेले, तेव्हा पोहे बाजूला सारून त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला. त्यावर एक कोन होता.

“बाई, याचे तीन सारके भाग कंपासनं होतात काय?”

पौर्णिमाला उत्तर ठाऊक होतं. होत नाहीत. एम.एस्सी.ला हा आठ मार्कांचा प्रश्न होता. पण समोरचा अंकुर तिला पाहताक्षणी आवडला होता, आणि बाजूला वडील रुमालाने मान पुसत बसले होते. ती म्हणाली, “पाहावं लागेल.”

शेषरावांनी मांडीवर थाप मारली. “पन्नास वर्षांत पयला मानूस भेटला जो पाह्यतो मन्ते. बाकी सारे नुसते नाही मन्तेत.” लग्न तिथेच ठरलं. पौर्णिमाच्या मनात मात्र ते दोन शब्द सलत राहिले. खोटं ती बोलली नव्हती, पण खरंही बोलली नव्हती.

ही नवी रीत मात्र शेषरावांनी कुणालाच दाखवली नव्हती, सुनेलासुद्धा नाही. चोरी होईल ही भीती. पुस्तिकेची पक्की प्रत हातात आली तेव्हाच तिने ती पहिल्यांदा पाहिली. आणि पाहताना तिला दोनदा वाईट वाटलं. एकदा ती चुकीची होती म्हणून, आणि एकदा ती इतकी सुंदर होती म्हणून.

रीत अशी होती. कोनाचा पाव भाग घ्यायचा. दोनदा दुभागला की पाव मिळतो. मग त्या पावाचा पाव काढून त्याला जोडायचा. मग त्याचाही पाव. असं करत करत रेघ तिसऱ्या भागाकडे सरकत जाते. चौथ्या खेपेला जोडायचा तुकडा इतका बारीक होतो, की कंपासचं टोक आधीच्याच भोकात घसरतं. तिथे शेषरावांनी ठळक रेघ मारून लिहिलं होतं, ‘येथे रीत संपते.’ जन्मभर वावरात राबलेल्या माणसाचा तो न्याय होता. टोक पुढे जात नाही म्हणजे पुढे काही उरलं नाही. पण पावाचा पाव कधी संपत नसतो. रीत संपत नव्हती, कागद संपत होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने सांगून टाकलं. “मामाजी, मी सही करणार नाही. रीत बरोबर नाही.”

शेषराव काही बोलले नाहीत. बाकीच्यांनी ती कसर भरून काढली.

“सहीच तर हाये,” अंकुर म्हणाला. “कोन वाचून राहिलं ते?”

“मी तपासलंय असं छापणार, आणि मीच वाचू नको?”

मनकर्णाबाईंनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबवला. “बाई, तो कंपास माही सवत हाये. पंचेचाळीस वर्षं मी तिच्यासंग नांदली. मी कदी तोंड उघडलं नाही, अन् तू दोन वर्षांत तिचं नाक कापाले निंगाली?”

त्या दिवशी पंजाबरावही घरी होते. शेषरावांचे चुलतभाऊ, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. आपल्याकडे सत्काराला माणूस लागतो, कारण लागत नाही, आणि पंजाबरावांनी तर माणसं पुरवायचा धंदाच काढला होता. शेषरावांचा सत्कार त्यांनीच ठरवला होता, दोनशे पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यांनी सुनेला प्रेमाने समजावलं. “सूनबाई, मी आजवर शंभर सत्कार केले. शाल देताना कोनाचं काई तपासलं नाही. तपासत बसलो असतो तर साऱ्या शाली घरी पडून राह्यल्या असत्या.”

“मग मामाजींना कशाला त्रास देता?” पौर्णिमा म्हणाली. “शालीचाच सत्कार करा.”

हे जरा जास्त झालं. तिलाही बोलल्यावर कळलं. पण मागे घ्यायचं तिच्या जिवावर आलं. या माणसाला पंचावन्न वर्षं सगळ्यांनी एक तर हाकललं होतं नाही तर गोंजारलं होतं. त्याची कोणतीच रीत कुणी ओळ न ओळ वाचली नव्हती. तिने वाचली होती, आणि वाचून खोटी मान हलवणं हा तिला त्यांचा सगळ्यात मोठा अपमान वाटत होता.

शेषराव उठले. कागद आणि पट्टी आणली, खिशातला पितळी कंपास काढला आणि सगळं तिच्यापुढे ठेवलं. “चूक कुठं हाये, दाखव.”

तिने साठ अंशांचा कोन काढला, त्यांच्याच रीतीने भाग पाडले, मिळालेला भाग कंपासमध्ये धरून तीनदा मोजला. तिसरं टोक बरोबर शेवटच्या रेघेवर बसलं. अंकुरने घसा खाकरला. पंजाबराव हसले.

“कागदावर दिसत नाही,” पौर्णिमा म्हणाली. “पेन्सिलीची रेघ चुकीपेक्षा जाड आहे.”

“दिसत नाही, तं हाये कुठं मंग?”

“वावरात दिसंल,” ती म्हणाली. रागाच्या भरात तिच्या तोंडी एकदम इथली बोली आली. “शंभर फुटांची तार घ्या, खुट्या घ्या, अन् चला माह्यासंग वावरात. तुमच्या हातानं करा सारं. मी हात लावणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजातून रजा टाकली. सोयाबीन निघून गेलेलं, वावर वखरून सपाट पडलेलं. कडेला तूर उभी होती. अंकुर तार धरायला आला होता, तोंड पाडून. शेषरावांनी मधोमध लोखंडी खुटी ठोकली, तिला कुंपणाची तार बांधली आणि दुसऱ्या टोकाला शंभर फुटांवर पांढऱ्या फक्कीने कंस ओढत गेले. तेवढ्याच तारेने कंसावर दुसरी खूण केली. त्रिज्या कंसावर टेकवली की साठ अंश आपोआप मिळतात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. एकाहत्तर वर्षांचा माणूस त्या ढेकळांतून असा चालत होता, की पौर्णिमाला वाटलं, आपण हे काय करून बसलो.

पाव काढला. पावाचा पाव. मग त्याचा पाव. कागदावर जिथे कंपासचं टोक भोकात घसरायचं, तिथे वावरात चौथ्या खेपेलाही चांगलं पाच इंचांचं अंतर होतं. खुटी वेगळी ठोकावी लागली. शेषरावांनी त्या अंतराकडे क्षणभर पाहिलं. मग मिळालेला भाग तारेने धरून तीनदा मोजला. एक, दोन, तीन. तिसरी खुटी ठोकली.

ती साठ अंशांच्या खुणेपर्यंत पोचली नव्हती.

शेषराव गुडघे टेकून बसले आणि मधल्या मातीवर बोटं ठेवून मोजलं. “सात बोटं.” मग म्हणाले, “तार ढिली पडली असन. पुन्हा.”

पुन्हा सगळं पुसून केलं. सात बोटं. ऊन डोक्यावर आलं, डबा तसाच राहिला. तिसऱ्यांदा अंकुर म्हणाला, बाबा, पुरे आता. शेषरावांनी तार पुन्हा ताणली. तिसऱ्यांदा सहा बोटं.

“या डावाले एक बोट कमी झालं,” अंकुर बापाला धीर द्यायला म्हणाला.

“चूप बस.” शेषराव मातीतच बसून राहिले. “माप चुकलं तं कदी इकडं चुकते, कदी तिकडं. तिन्ही डाव एकाच बाजूनं चुकलं. मंजे हात नाही चुकला. काटाच खोटा हाये.”

पौर्णिमाने तोंड फिरवलं. तिला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

“काहून?” शेषरावांनी विचारलं.

“म्हणजे?”

“हे रीत खोटी निंगाली, कबूल. दुसरीबी कोनती कदीच निंगनार नाही मन्तेत. ते काहून?”

ती सांगू लागली. कंपास आणि पट्टीने वर्गमुळापर्यंतच जाता येतं, आणि साठ अंशांच्या तिसऱ्या भागाला घनाचं समीकरण लागतं, आणि ते समीकरण... इथे ती अडली. वर्गात कधी अडायची नाही ती. सासऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वाक्यामागचं वाक्य तिला सापडेना.

“मामाजी, खरं सांगते,” ती म्हणाली. “आठ मार्कांसाठी मी हे पाठ केलं होतं. समजून नाही केलं. तुम्ही मला पाहायला आलात तेव्हाही मला ‘नाही’ हे उत्तर ठाऊक होतं. मी बोलले नाही.”

शेषरावांनी हातांची माती झटकली. “मंजे तुलेबी कोनीतरी बस खालीच म्हनलं होतं,” ते म्हणाले.

घरी परत येताना ते एकच वाक्य बोलले. “सत्कार होईन. पंजाबरावले काई सांगू नोका.”

पुढचे दहा दिवस शेषरावांनी कंपासला हात लावला नाही आणि पौर्णिमाशी ते कामापुरतंच बोलले. पंजाबरावांनी अभिप्रायाचं पान गाळून पुस्तिका छापली. शेषरावांनी अडवलं नाही. मनकर्णाबाईंनी धोतरजोडी इस्त्रीला दिली. म्हणजे खोटं आहे हे कळूनही हा माणूस शाल पांघरणार, असं तिच्या मनाने घेतलं. सत्काराला जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मग ठरवलं, जायचं, पहिल्या रांगेत बसायचं आणि टाळी वाजवायची नाही.

सभागृह भरलं होतं. मागे फलक, ‘थोर गणिततज्ज्ञ शेषराव’. व्यासपीठावर सात खुर्च्या. चार भाषणं झाली. चौघांपैकी एकानेही पुस्तिका उघडली नव्हती, हे दुसऱ्या भाषणातच कळलं, कारण त्या वक्त्याने शेषरावांना चौकोनाचे तीन भाग करायला लावले. मग शाल आली, श्रीफळ आलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. पौर्णिमा हात मांडीवर ठेवून बसली.

शेषराव माइकपुढे आले. खांद्यावर शाल तशीच. “अंकुर, फळा आन,” ते म्हणाले. अंकुरने बाजूच्या दारातून फळा आणून उभा केला. त्याला हे आधीपासून माहीत होतं, हे पौर्णिमाला तेव्हा समजलं.

“आता साऱ्यायनं सांगितलं का मी कोनाचे तीन भाग केले,” शेषराव म्हणाले. “नाही केले. सात बोटं कमी पडते. मी सोता मोजलं, तीन डाव.”

सभागृहात कुणाला काही उमगेना. पंजाबरावांनी लगबगीने दुसरा माइक ओढला. “हा शेषरावांचा मोठेपणा आहे. हा त्यांचा विनय आहे.”

“इनय नाही, हिशेब हाये,” शेषराव म्हणाले आणि फळ्याकडे वळले. कंस ओढला. पाव काढला. पावाचा पाव काढला. लोक चुळबुळायला लागले. स्वयंपाकाचा वास आत येत होता. मागून कुणीतरी ओरडलं, “काका, बसा ना आता खाली. जेवन थंडं होऊन राहिलं.” सगळीकडे हशा पिकला.

शेषराव फळ्यापासून वळले. हसू विरेपर्यंत थांबले.

“पंचावन्न वर्षांआंधी एकानं असंच म्हनलं होतं, बस खाली. तवा मी सोळा वर्षांचा होतो, बसलो. आता नाही बसत. ज्याले भूक लागली त्यानं जावं.”

कुणी गेलं नाही. काही लाजेने बसले, काही मजा पाहायला. शेषरावांनी अर्धा तास घेतला. कुठे चुकलं, का चुकलं, कागदावर का दिसलं नाही आणि वावरात कसं दिसलं, सगळं सांगितलं. चूक सांगताना त्यांचा आवाज जेवढा खणखणीत होता तेवढा बरोबर असल्याच्या काळात कधी नव्हता. शेवटी त्यांनी खडू खाली ठेवला.

“तुमी दोनशे लोकायनं टाया वाजवल्या. एकानं तरी मोजून पाह्यलं काय? माह्या घरात एकीनं मोजलं. ते सही करत नव्हती, तं तिले साऱ्यायनं बह्याड, येडी ठरवलं. मले पंचावन्न वर्षं जे झाडून नाही म्हनले, अन् तुमी जे झाडून हो म्हनले, दोगं सारकेच. वाचलं कोनीच नाही.”

मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी केली आणि पंजाबरावांच्या मांडीवर ठेवली. “ज्याचं माप बरोबर येईन त्याले देजा. सूनबाईलेबी नोका देऊ. तिचं काम बाकी हाये आजून.” आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून, कुणाचा हात न धरता, ते पहिल्या रांगेत तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि पुटपुटल्या, “आता मरेस्तोवर हे सवत जात नाही.” टाळी पौर्णिमाने तेव्हाही वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधीच, शेषराव बैठकीत येऊन बसले. हातात तोच अभिप्रायाचा कागद होता, टिंबांची ओळ अजून कोरी. त्यांनी तो उलटा केला, कोरी बाजू पौर्णिमापुढे सरकवली आणि वर पेन ठेवलं.

“लिव. काहून होत नाही ते, पयलेपासून.”

तिने रात्रभर जुनी पुस्तकं उलथीपालथी केली होती. ती एकेक ओळ लिहीत गेली, शेषराव एकेक ओळ बोटाने वाचत गेले. पहिली पटली. दुसरी दोनदा विचारली, मग पटली. तिसरीवर बोट थांबलं.

“हे तुले समजलं हाये का पाठ हाये?”

पौर्णिमाने ओळ पुन्हा वाचली. “पाठ आहे,” ती म्हणाली.

“मंग खोड ते. समजन तवा लिव.” शेषरावांनी खिशातून पितळी कंपास काढून दोघांच्या मधे ठेवला. “होत नाही असं साऱ्या दुनियेनं म्हनू दे. मी सोता तपासल्याबिगर खाली सही करनार नाही.”